शाहीर परदेशी गेला, वही घरी राहिली

(वरसे येथे संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने मला जलशाच्या परंपरेवर बोलावे असे कळविले होते. मी अध्यक्षांची परवानगी घेऊन विषयात थोडा बदल केला आहे. त्याचे कारण असे की, गेल्या जयंतीच्या वेळी याच आवारात मी मुलांना शाहीर विठ्ठल उमप यांच्याविषयी दोन शब्द सांगत होतो. उमप परदेशात गायले, तिथे त्यांनी पहिला नंबर मिळविला, असे मी अभिमानाने सांगितले. तेव्हा नववीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पण तिकडच्या लोकांना मराठी येत नव्हते ना? मग त्यांना गाण्यातले कळले काय?" सगळे हसले. मीही हसलो आणि पुढे गेलो. परंतु घरी गेल्यावर लक्षात आले, की मी उत्तर दिलेच नाही. पस्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या माणसाने प्रश्न हसण्यावारी नेला, ही काही बरी गोष्ट नव्हे. आज ते उत्तर द्यायला मी उभा आहे.

आधी माझा या विषयातला अधिकार किती, ते सांगतो. तो फार नाही. तरुणपणी मी आमच्या वाडीच्या गायन पार्टीत कोरसला उभा राहत असे. काका मुंबईला गिरणीत होते. ते सुट्टीवर आले की वाडीत पेटी उघडली जायची. एक ढोलक, एक बुलबुल, झांज आणि मागे आम्ही पाच-सहा पोरे. मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि आम्ही ती उचलायची. कोरसवाल्याला एक गोष्ट चांगली कळते. समोरचे लोक गळ्याला दाद देतात की शब्दाला, हे त्याला मागे उभे राहून बरोबर दिसते. आमच्याकडे लोक शब्दाला दाद देत. गळा साधा असला तरी चालायचे, पण चवदार तळ्याचे वर्णन करताना तारीख चुकली तर म्हातारी माणसे खालून ओरडत, "वीस मार्च म्हण, वीस मार्च!" आमच्या लोकांना अक्षरओळख नव्हती तेव्हा गाणे हीच त्यांची शाळा, तेच वर्तमानपत्र आणि तोच इतिहास होता. आपली दहा भाषणे आणि एक जलसा बरोबरीचे आहेत, असे परमपूज्य बाबासाहेब म्हणाल्याचे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत, ते याच अर्थाने.

आता उमपांकडे येतो.

विठ्ठल उमप यांचा जन्म १९३१ सालचा, मुंबईतील नायगावचा. नायगाव म्हटले की बी.डी.डी. चाळी आल्या. आपल्या कोकणातले, घाटावरचे कितीतरी समाजबांधव त्या चाळींत राहिले आणि मुंबईतल्या आंबेडकरी चळवळीचे ते एक मोठे ठाणे होते. अशा वातावरणात वाढलेला हा माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी डफावर थाप मारली, आकाशवाणीवर गायले, भीमगीते गायली, पोवाडे, भारूड, गोंधळ, गझल सगळे गायले. लोककलेचा असा एखादाच प्रकार असेल ज्याला त्यांचा गळा लागला नाही. उतारवयात त्यांनी 'टिंग्या' या चित्रपटात काम केले, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल.

१९८३ साली आयर्लंड देशातील कॉर्क या शहरी आंतरराष्ट्रीय लोकसंगीत व लोककला महोत्सव झाला. त्यात उमपांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि पहिले पारितोषिक मिळविले. बातमी एवढीच, एका ओळीची. पण मुलांनो, त्या ओळीत काय काय दडले आहे, ते जरा उलगडून पाहू.

पहिली अडचण चामड्याची. आपण कोकणातली माणसे, आपल्याला हे सांगायला नको. श्रावणात ढोलकी उतरते. हवेतला ओलावा चामडे पिते, पान सैल पडते आणि आवाज भद्द येतो. मग दोऱ्या आवळायच्या, कड्या ठोकायच्या. डफ आणि हलगी तर शेकोटीवर शेकूनच हातात घ्यायची. आयर्लंड हा आपल्या श्रावणासारखाच बारमाही ओला देश, वर थंडी. आणि तिकडच्या नाट्यगृहात रंगमंचामागे पाचट पेटवून डफ शेकायला कोण देणार? लोककलावंत परदेशी जातो तेव्हा त्याची पहिली झुंज श्रोत्यांशी नसते, हवेशी असते.

दुसरी अडचण वेळेची. आपला गोंधळ, जागरण किंवा शाहिरी सामना रात्री दहाला उभा राहतो आणि तांबडे फुटेपर्यंत चालतो. पहिला एक तास तर नुसता गळा तापविण्यात आणि माणसे जमविण्यात जातो. महोत्सवात घड्याळ असते. अनेक देशांचे संघ रांगेत उभे असतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. रात्रभराचा रांजण पेल्यात ओतायचा आणि चव मात्र तीच ठेवायची. हे काम ज्याने एकदाही स्टेजवर गाणे म्हटले आहे, त्यालाच कळेल.

तिसरी अडचण शब्दांची, म्हणजे त्या मुलीचा प्रश्न. समोर बसलेल्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. शाहिराची निम्मी ताकद कोटीत, टोमण्यात, मध्येच थांबून श्रोत्याला विचारलेल्या प्रश्नात असते. ती सगळी दाराबाहेर राहिली. हातात उरले काय? गळा, लय, डोळे, हातवारे आणि अंगातली ऊर्मी. उमपांच्या गळ्याची जात अशी होती, की वरच्या पट्टीत हाक दिली म्हणजे ध्वनिक्षेपकाची गरज वाटू नये. एका क्षणी म्हातारी, दुसऱ्या क्षणी राजा, तिसऱ्या क्षणी देवाचा भुत्या, अशी सोंगे ते नुसत्या मानेच्या झटक्याने पालटत. हे ज्याने पाहिले आहे, त्याला परदेशातल्या परीक्षकांना काय कळले असेल याचा अंदाज येतो.

आणि एक गोष्ट विसरू नका. आयर्लंड हा गाण्याने जागा राहिलेला देश आहे. शेकडो वर्षे तो इंग्रजांच्या ताब्यात होता, त्याची मूळ भाषा मागे पडली, १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि लाखो देश सोडून गेली. त्या लोकांनी आपली दुःखे, आपली बंडे, आपले फाशी गेलेले वीर गाण्यांत साठवून ठेवले. म्हणजे पोवाडा हा शब्द त्यांच्याकडे नाही, वस्तू आहे. आपल्या संविधानाच्या चौथ्या भागात राज्य धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून घेतलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी नागरिकशास्त्रात वाचले असेल. ज्या देशाकडून आपल्या घटनाकारांनी एक चांगली गोष्ट उचलली, त्या देशात बाबासाहेबांचा एक शाहीर जाऊन गायला, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

तर मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे, की त्यांना शब्द कळले नाहीत, माणूस कळला. पण हे अर्धेच उत्तर आहे. बाकीचे अर्धे जरा अवघड आहे.

परदेशी महोत्सवात काय न्यायचे, हे बहुधा कलावंत एकटा ठरवीत नाही. आपल्या देशाने १९८२ साली ब्रिटनमध्ये, १९८५ मध्ये अमेरिकेत व फ्रान्समध्ये आणि १९८७ मध्ये सोव्हिएत रशियात भारत महोत्सव भरविले. गावोगावचे कलावंत विमानात बसले. ही फार चांगली गोष्ट झाली. पण 'लोककला' म्हटली की निवडणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय येते? गोंधळ येतो, संबळ येतो, दिवटी येते, रंगीत फेटा येतो, लावणी येते. जलसा येतो का? ज्या भीमगीताने लाखो माणसांना मेलेली गुरे ओढण्याचे सोडायला आणि पोराला शाळेत घालायला शिकविले, ते 'लोककला' या सदरात बसते का? माझे मत असे, की त्याला फार काळ 'प्रचार' म्हणून बाजूला ठेवले गेले. ज्यात देव आहे ती संस्कृती आणि ज्यात बाबासाहेब आहेत तो प्रचार, असा हा हिशेब.

उमपांचे नाव सर्वत्र झाले ते 'जांभूळ आख्याना'मुळे. विद्यार्थ्यांसाठी कथा थोडक्यात सांगतो. पाच पांडवांची पत्नी द्रौपदी हिच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते. ती कोणाला सांगू शकत नाही. कृष्णाला ते कळते. वनात एक जांभूळ तोडले जाते आणि ते पुन्हा फांदीला लागायचे असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातले खरे बोलायचे, असा पेच पडतो. सगळे आपापले खरे सांगतात आणि शेवटी द्रौपदीलाही आपल्या मनातले कबूल करावे लागते. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती लोकांनी रचलेली, रानातल्या जांभळासारखीच रानात वाढलेली. उमप ती एकटे उभे राहून अशी सांगत, की द्रौपदीची कबुली ऐकताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी.

यावर आपल्या समाजात कुरबूर झाली, हे लपविण्याचे कारण नाही. मी स्वतः ती ऐकली आहे आणि खरे सांगायचे तर तरुणपणी केलीही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या शाहिराने कृष्ण-द्रौपदीची कथा का सांगावी? अंबाबाईचा गोंधळ का घालावा? प्रश्न गैर नाही. त्यामागे कडू इतिहास आहे. गावगाड्यात वाजविणे, नाचणे, गाणे ही आपल्या माणसांची कला नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली चाकरी होती. दुसऱ्याच्या लग्नात अंगणाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि पदरात शिळे पाळे घ्यायचे. म्हणून धम्म स्वीकारल्यावर अनेकांनी वाद्ये उतरवून ठेवली. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक गोष्ट जुनी माणसे सांगतात. तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, कारण त्या फडात आपल्या समाजाच्या स्त्रिया नाचत होत्या. पैशाची एवढी निकड असताना नाकारले.

परंतु त्याच बाबासाहेबांनी गाणे नाकारले नाही, हेही लक्षात घ्या. १९३० च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसा उभा केला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांनी जे केले होते, तेच यांनी केले. सांगाडा तमाशाचाच घेतला, आतला माल बदलला. शृंगार काढला, प्रबोधन भरले. ढोलकी तीच, हात तेच, पण आता ती कोणाच्या अंगणाबाहेर वाजत नव्हती. उमप त्या परंपरेतले. ते भीमगीतही गात आणि गोंधळही घालत. कथा सांगणे म्हणजे पूजा करणे नव्हे, एवढा फरक आज मला कळतो. जांभूळ आख्यानात तर देवाचे माहात्म्य नाहीच, एका बाईच्या मनातले सत्य आहे. माझी जुनी कुरबूर मी मागे घेतली आहे. ज्यांना ती अजून मागे घ्यावीशी वाटत नाही, त्यांच्याशी सभेनंतर चहा घेताना बोलेन.

शेजारच्या छत्तीसगढच्या तीजनबाईंचे उदाहरण इथे सांगितलेच पाहिजे. पारधी समाजात जन्मलेली ही बाई हातात तंबोरा घेऊन महाभारताची पंडवानी गात असे. जी शैली बायकांनी गायची नाही असा दंडक होता, तीच तिने उचलली. समाजाने वाळीत टाकले, तरी ती गात राहिली. पुढे इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी अशा कितीतरी देशांत गेली आणि २०१९ साली तिला पद्मविभूषण मिळाले. तिलाही तिकडे शब्द कळणारे कोणी नव्हते. पण तंबोऱ्याचीच गदा करून तिने ती खांद्यावर टाकली की भीम उभा राहिलेला सर्वांना दिसे.

गाण्याचा परदेश प्रवास ही काही विमानाच्या काळातली गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून गरीब कष्टकरी माणसे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला मॉरिशसला नेली गेली. त्यांच्याजवळ सामान काय असणार? एक बोचके आणि तोंडात असलेली गाणी. आपल्याकडचा जाखडीचा नाच तिकडे 'झाकरी' या नावाने आजही मराठी वंशाचे लोक नाचतात. भाषा बरीच विरली, फेर टिकला. म्हणजे तिथेही तेच झाले, पाय लक्षात राहिले आणि शब्द गळत गेले.

शब्दासह गेलेला शाहीर म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. लहानपणी वाटेगावाहून बापाबरोबर मुंबईपर्यंत पायी चालत आलेला हा माणूस. शाळेत जवळपास गेलाच नाही. १९४३ साली त्याने स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, तेव्हा ते शहर त्याने स्वप्नातही पाहिले नव्हते. १९६१ साली तो सोव्हिएत रशियात गेला आणि परत आल्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. डफ हातात घेणाऱ्याने लेखणीही हातात घेतली, म्हणून आज साठ वर्षांनंतर तो प्रवास तुम्ही-आम्ही वाचू शकतो. १९६९ साली अण्णाभाऊ गेले तेव्हा घरात दारिद्र्यच होते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या मोठ्या ग्रंथालयात त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. पुतळा ग्रंथालयात बसला, चौकात नाही. ही जागा मला फार योग्य वाटते.

आणखी एक प्रवास सांगतो, तो सांगताना जीभ जड होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, आपली दहा माणसे मेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी तेव्हापासून चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट केला. तो देशोदेशी दाखविला गेला. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे उमटत होती, त्यामुळे गाण्यातला शब्दन् शब्द तिकडच्या माणसाला कळला. शाहीर स्वतः कधी गेला नाही. तो गेल्यावर त्याचे शब्द गेले.

आता आजच्या परदेशाविषयी. १९८३ सालचा परदेश वेगळा होता, तिथे समोर सगळे अनोळखी होते. आज आपली मुले शिकून अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, आखाती देशांत गेली आहेत. आपल्या रायगड जिल्ह्यातून आखातात गेलेली माणसे तर घरोघर सापडतील. तिथे भीमजयंती होते. लंडनमध्ये बाबासाहेब राहिले ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने घेतले. त्याच वर्षी जपानमधील कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात २०२३ सालच्या १४ ऑक्टोबरला १९ फुटी पुतळा बसला. पुतळ्याजवळ माणसे जमतात आणि माणसे जमली की गाणे लागते. त्यांना गाणे ऐकायचे असते ते फेट्यासाठी नव्हे, शब्दांसाठी. वामनदादांचे गाणे सुरू झाले की तिकडचा इंजिनियर डोळे पुसतो, कारण ते गाणे त्याने आजीच्या मांडीवर ऐकलेले असते.

पण त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या मुलाला ते कळत नाही. तो तिकडेच जन्मला. आता यावर आपण इथे बसून हळहळू नये, कारण तो परदेश आपल्या घरातही आला आहे. धाटावच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घातले, हे चांगलेच केले. माझाही नातू तिथेच आहे. परवा मी त्याला एक भीमगीत लिहून दिले, तर त्याने पहिल्या कडव्यातले तीन शब्द मला विचारले. 'वेठ' म्हणजे काय, 'तराळ' म्हणजे काय, 'येसकर' म्हणजे काय. मला आधी राग आला, मग आनंद झाला. ज्या शब्दांत आमचे आजे-पणजे जगले आणि मेले, ते शब्द पोराला माहीत नाहीत, म्हणजे बाबासाहेब जिंकले! पण गाण्यातून ते शब्दही गेले, तर आपण कोठून निघालो ते त्याला सांगायचे कोणी?

यावरून मी वहीकडे येतो.

आमच्या पार्टीची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, गिरणीतून काकांनी आणलेली हिशेबाची वही. तिच्यात शंभरावर गाणी होती. काही वामनदादांची, काही मुंबईच्या कवींची आणि पंधरा-वीस आपल्या या तालुक्यातल्या माणसांनी रचलेली. त्यांत एक गाणे महाड परिषदेला इकडून चालत गेलेल्या माणसांचे होते. कोणत्या वाडीतून कोण निघाला, भाकरी कोणी बांधून दिली, वाटेत पाणी कोणी दिले आणि कोणी नाकारले, सगळी नावे त्यात होती. म्हणजे तो इतिहासाचा कागदच होता, चालीवर बसविलेला. काका गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी तिची झेरॉक्स काढीन, काढीन म्हणत राहिलो. २००५ च्या जुलैत पाऊस झाला, घरात कमरेएवढे पाणी आले आणि वही लगद्यासारखी हाताला लागली. मला त्या गाण्याच्या आज चारच ओळी येतात. रचणाऱ्याचे नाव येत नाही. मी कोरसवाला होतो ना, मी ओळ उचलायचो, रचणारा कोण हे कधी विचारलेच नाही.

वामनदादा कर्डक हे बाबतीत हुशार होते. त्यांना लिहिता-वाचता आले तेच मोठेपणी, मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. म्हणून त्यांना अक्षराची किंमत ठाऊक होती. ते आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. पण हल्लीचे गायक वेळ वाचविण्यासाठी नेमके शेवटचे कडवे गाळतात! कॅसेटच्या काळातही हेच झाले. गाणाऱ्याचे नाव ठळक, कवीचे नाव बारीक, पुष्कळदा नाहीच. उद्या ते गाणे परदेशात गेले तर गायकाच्या नावाने जाईल आणि कवी इथेच बेवारस राहील.

उलटा प्रवासही झाला आहे. गी प्वातवँ हे मूळचे फ्रान्सचे गृहस्थ पुण्यात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी नोंदवून घेतल्या, ओवी गाणाऱ्या बाईचे नाव, गाव लिहून. त्यांत आपल्या आयाबहिणींनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने आपल्या चळवळीचा अभ्यास करताना आपली गाणी आणि कविता इतिहासाचा पुरावा म्हणून वाचल्या. ज्या गाण्याला आपल्याकडे प्रचार म्हटले, ते ऐकायला सात समुद्रांपलीकडून माणसे आली आणि त्यांनी नावे लिहून घेतली. आम्ही शेजारच्या खोलीत असून लिहिली नाहीत.

विठ्ठल उमप गेले ते २०१० च्या नोव्हेंबरमध्ये. नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता, ते मंचावर होते आणि तिथेच कोसळले. आयर्लंडमध्ये पहिला नंबर मिळविणारा हा माणूस शेवटी आपल्या लोकांसमोर, आपल्या भूमीवर गेला. त्यांचे चिरंजीव नंदेश उमप आज गातात, ती गादी रिकामी राहिलेली नाही. आपल्या गल्लीतल्या गायकांच्या गाद्या मात्र रिकाम्या आहेत आणि त्यांची नावे मी तुम्हाला सांगू शकत नाही, हीच माझी आजची अडचण.

तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर असे. गाण्यातले शब्द त्यांना कळले नाहीत, कारण ते त्यांचे काम नव्हते. ते आपले काम होते आणि ते आपण अर्धवट केले. शाहीर विमानात बसला तेव्हा त्याने गळा नेला. शब्द सांभाळायला आपल्याकडे ठेवले होते.

शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. संस्थेने मला या आवारातले एक कपाट देऊ केले आहे. ते भिंतीला टेकवू नका, भिंतीला ओल आहे, हे मी सचिवांना सांगितले आहे. ज्यांच्या घरी जुनी गाण्याची वही, पत्रिका, सामन्याची जाहिरात, कॅसेट असेल त्यांनी ती पुढच्या पौर्णिमेला आणावी. वही आमच्याकडे ठेवून घेणार नाही. मुले तिचे फोटो काढतील आणि वही त्याच दिवशी परत मिळेल. वही नसेल पण आजीला गाणे येत असेल, तर आजीला आणा. प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी लिहायच्या. कोणी रचले, कोणत्या चालीवर, कोणत्या वाडीत, आणि पहिल्यांदा कोठे गायले. माहीत नसेल तिथे जागा मोकळी सोडायची, खोटे नाव घालायचे नाही.

माझ्या चार ओळी मी पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. काल रात्री त्या घरी म्हणून दाखविल्या, तेव्हा स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, पाचवी ओळ मला येते. त्या कधी कोरसमध्ये नव्हत्या. पण सामन्याच्या रात्री बायका पुढे बसत, एवढे मी विसरलो होतो. ती पाचवी ओळ म्हणजे एका बाईचे नाव आहे, भाकऱ्या बांधून देणारीचे. तिची नात की पणती आज या सभेत असण्याचा संभव आहे. सभा संपल्यावर मी पारावर बसणार आहे, तिने मला भेटावे.

जयभीम.